संगणकाला आपले भाग कसे ओळखू येतात?

मोटारीच्या पाटीवर 'एमएच १९' दिसले की ती जळगावला नोंदलेली आणि 'एमएच १८' दिसले की धुळ्याला, हे तुम्ही चटकन सांगता. त्यासाठी मोटार थांबवून मालकाला विचारावे लागत नाही. संगणकाच्या पोटातल्या पुष्कळ भागांवरही अशा पाट्या असतात. मात्र सगळ्यांवर नसतात, आणि खरी अडचण तेथेच येते.

संगणक सुरू झाला की ऑपरेटिंग सिस्टिम, म्हणजे सगळा कारभार पाहणारी आज्ञावली, कामाला लागते. तिच्याजवळ ड्रायव्हर नावाच्या अनेक छोट्या आज्ञावल्या असतात. एक ड्रायव्हर एका जातीच्या भागाशी बोलू शकतो; दुसऱ्या जातीची भाषा त्याला येत नाही. तेव्हा कोणत्या भागाला कोणता ड्रायव्हर द्यायचा, हे आधी ठरले पाहिजे.

टेबलावरच्या संगणकात पीसीआय नावाच्या मार्गावर बसलेले भाग विचारल्यावर आपली ओळख सांगतात. प्रत्येकात दोन क्रमांक पक्के नोंदलेले असतात. पहिला कारखानदाराचा, दुसरा त्याच्या मालाच्या नमुन्याचा. षोडशमान पद्धतीने लिहिलेला ८०८६ हा क्रमांक आला की माल इंटेल कंपनीचा. (याच कंपनीने १९७८ साली काढलेल्या प्रोसेसरचे नावही ८०८६ होते!) जागा रिकामी असेल तर उत्तरात सगळे बिट १ येतात. प्रत्येक ड्रायव्हरजवळ आपल्याला चालणाऱ्या क्रमांकांची यादी असते. क्रमांक जुळला की जोडी जमली.

पण संवेदक, छोटी घड्याळे असे स्वस्त भाग आयटूसी नावाच्या दोन तारांच्या मार्गावर जोडतात. तेथे प्रत्येकाला सात बिटांचा पत्ता असतो. संगणकाने पत्ता पुकारला की तो भाग तारेवरचा दाब क्षणभर खाली ओढतो. वर्गात हजेरीला 'हजर' म्हणावे, तितकेच. नाव नाही, गाव नाही. शिवाय एकच पत्ता अनेकांचा असतो. डीएस १३०७ आणि डीएस ३२३१ ही दोन घड्याळे आणि त्वरण मोजणारा एमपीयू ६०५० हा संवेदक, हे तिघेही १०४ म्हटले की 'हजर' म्हणतात!

मग ओळख पटवायची कोणी? ते काम फर्मवेअरकडे येते. यंत्र चालू होताच सर्वांत आधी धावणारी, यंत्राबरोबरच येणारी आज्ञावली म्हणजे फर्मवेअर. कोणत्या मार्गावर, कोणत्या पत्त्यावर, कोणता भाग बसवला आहे याचे लेखी वर्णन ती ऑपरेटिंग सिस्टिमच्या हाती देते. नेहमीच्या संगणकांत हे वर्णन एसीपीआय या पद्धतीने लिहितात. ती १९९६ साली आली. रास्पबेरी पायसारख्या छोट्या संगणकांत त्याला डिव्हाइस ट्री म्हणतात. खोड, फांद्या, पाने अशी त्याची मांडणी असते, आणि प्रत्येक पानावर त्या भागाचे नाव. ड्रायव्हर ते नाव वाचतो आणि त्यावर विश्वास ठेवतो.

हा विश्वास किती आंधळा असतो, ते मी धुळ्याच्या एका शाळेत पाहिले. तेथील मुलांनी उन्हाळ्यातील तापमान नोंदवणारी पेटी बांधली होती. आत रास्पबेरी पायची चौथी आवृत्ती होती. तिला स्वतःचे घड्याळ नसते. वीज गेली आणि इंटरनेटही नसले की वेळ चुकते. म्हणून मुलांनी बॅटरीवर चालणारे डीएस ३२३१ जोडले. या घड्याळाच्या आत तापमापकही असतो, तेव्हा पेटीच्या आतले तापमान फुकटात मिळणार होते. वेळ बरोबर येत होती, तापमान मात्र कोठेच दिसेना. मी पारोळामार्गे धुळ्याला पोचलो आणि सगळे सोल्डरिंग तपासत बसलो. दोन तास गेले. शेवटी नववीतली एक मुलगी म्हणाली, "सर, तार तुटली असती तर वेळ तरी कशी आली असती?"

तिचे म्हणणे अगदी बरोबर होते. वर्णनाची ओळ दुसऱ्या एका प्रयोगातून उतरवलेली होती आणि तीत डीएस १३०७ असे लिहिले होते. दोन्ही घड्याळांत सेकंदापासून वर्षापर्यंतचे पहिले सात कप्पे सारखेच, म्हणून वेळ जुळली. पण १३०७ मध्ये तापमापक नाही, म्हणून ड्रायव्हरने तो शोधलाच नाही. मी १३०७ खोडून ३२३१ लिहिले, पेटी पुन्हा सुरू केली आणि तापमान दिसू लागले. ही ओळ उतरवून देणारा मीच होतो, हेही सांगून टाकतो.

मुलांचा पुढचा बेत ऐकून मात्र मला घाम फुटला. १३०७ मध्ये आठव्या पत्त्यापासून ५६ बाइटची मोकळी स्मृती असते, आणि तीत शाळेचे नाव देवनागरीत लिहायचे असे त्यांनी ठरवले होते. ३२३१ मध्ये त्याच जागी गजराचे कप्पे आहेत आणि चौदाव्या पत्त्यावर नियंत्रणाचा कप्पा. त्यातला सर्वांत डावा बिट १ झाला की वीज जाताच घड्याळ थांबते. युनिकोडच्या प्रचलित यूटीएफ-८ पद्धतीत देवनागरी अक्षराच्या प्रत्येक बाइटचा हाच बिट १ असतो! म्हणजे नाव लिहिले असते, तर बॅटरी चांगली असूनही पहिल्याच वीजकपातीला वेळ हरवली असती, आणि आम्ही बॅटऱ्या बदलत बसलो असतो.

घड्याळात तापमापक कशाला, असे तुम्ही विचाराल. घड्याळातील क्वार्ट्झचा स्फटिक सेकंदाला ३२,७६८ वेळा कंप पावतो. सुमारे २५ अंश सेल्सिअसला तो बरोबर चालतो. त्यापासून जितके दूर जावे, त्या अंतराच्या वर्गाच्या प्रमाणात तो मंदावतो. हा फरक दशलक्षात सुमारे ०.०३५ गुणिले अंतराचा वर्ग इतका असतो. मे महिन्यात पेटीत ४५ अंश झाले तर अंतर २०, वर्ग ४००, आणि फरक दशलक्षात १४. दिवसाचे सेकंद ८६,४००. म्हणजे घड्याळ रोज सुमारे १.२ सेकंद मागे पडते. ३२३१ आपले तापमान मोजून हा फरक स्वतःच भरून काढते. १३०७ ला ही सोय नाही.

करून पाहा : शाळेच्या संगणकात विंडोज असेल तर शिक्षकांच्या परवानगीने 'डिव्हाइस मॅनेजर' उघडा. एखाद्या भागाच्या गुणधर्मांत 'डीटेल्स' या पानावर जाऊन 'हार्डवेअर आयडीज' निवडा. ओळीची सुरुवात पीसीआयने होत असेल तर त्या भागाने आपली ओळख स्वतः सांगितली आहे. एसीपीआयने होत असेल तर ती फर्मवेअरने सांगितली आहे. दोन्ही प्रकारच्या भागांची यादी वहीत करा. बॅटरी कोणत्या यादीत जाते ते लॅपटॉपवर पाहा.