पळणाऱ्यांचा सुट्टीचा आठवडा



तालुक्याच्या स्पर्धेसाठी आम्ही सहा जणं दोन महिने रोज पहाटे पळत होतो. आता स्पर्धेला पंधरा दिवस राहिले आणि गुरुजींनी एक आठवडा पळणं बंद ठेवलं. गावात सगळे विचारतात, आत्ताच का बंद? आपल्या माण तालुक्यातल्या मोही गावच्या ललिता बाबर २०१६ साली रिओ ऑलिंपिकमध्ये ३००० मीटर स्टीपलचेसच्या अंतिम फेरीत धावल्या आणि दहाव्या आल्या. त्यामुळे आमच्याकडे पळण्याचं वेड आहे, थांबायला कोणी तयार नसतं. माझे आजोबा तर म्हणाले, "सवय मोडली की पाय जड होतात." म्हणून ही माहिती मी गुरुजींना विचारून लिहिली आहे.

आपण पळतो तेव्हा पायाच्या स्नायूंतले बारीक धागे थोडे थोडे तुटतात. ते डोळ्यांना दिसत नाहीत, पण दुसऱ्या दिवशी पाय दुखतात. मग शरीर ते धागे सांधते आणि पहिल्यापेक्षा मजबूत करते. हे काम पळताना होत नाही. ते विश्रांतीत होते, झोपेत तर जास्तच. मातीची भिंत घालताना एक थर वाळू देतात, मगच दुसरा घालतात. ओल्यावर थर घातला तर भिंत बसते. हे मला आजोबांनीच सांगितलं होतं!

हाडांचंही तसंच. पळून हाडावर ताण आला की शरीर तिथला जुना भाग काढून नवा भरते. त्याला वेळ लागतो. रोज डांबरी रस्त्यावर पळालं तर नडगी दुखते. आपली हाडं अजून वाढत आहेत, म्हणून टाच आणि गुडघा लवकर दुखतो. आमच्यातली एक मुलगी टाच दुखत असून बोलत नव्हती. तिला वाटलं, नाव काढून टाकतील. गुरुजींनी नाव काढलं नाही, सगळ्यांनाच सुट्टी दिली.

आता मोठ्या माणसाची गोष्ट. एमिल झाटोपेक हा चेकोस्लोव्हाकियाचा धावपटू फार कडक सराव करायचा. १९५० साली युरोपच्या स्पर्धेआधी तो आजारी पडला आणि दवाखान्यात पडून राहिला. सराव बंद! तरी ब्रुसेल्सला जाऊन त्याने ५००० आणि १०००० मीटर, दोन्ही शर्यती जिंकल्या. आजारी पडणं चांगलं असं नाही हं, पण पडून राहिल्याने त्याचा दम गेला नाही. एका आठवड्यात दम फारसा कमी होत नाही. तीन-चार आठवडे बसून राहिलं तर मात्र होतो.

विश्रांती लागू पडते का ते नाडीवरून कळतं. सकाळी जाग आल्यावर अंथरुणातच अंगठ्याखाली मनगटावर दोन बोटं ठेवा. अंगठा ठेवू नका, त्याचेच ठोके लागतात. १५ सेकंद मोजा आणि ४ ने गुणा. माझे सोमवारी ९२ होते, बुधवारी ८८ आणि शनिवारी ८४. मी वहीत लिहून ठेवलं आहे, कोणाला पाहिजे तर दाखवीन.

सुट्टी म्हणजे लोळत पडायचं नाही. चालायचं, लगोरी खेळायची, पोटभर जेवायचं. पळत नाही म्हणून भाकरी कमी करायची नाही. आपल्या वयाला ९ ते १२ तास झोप लागते.

पालकांनो, एक सांगायचं आहे. मुलांना सुट्टी मिळाली की ती खेळायला जातात. आम्हा मुलींना मात्र घरी म्हणतात, पळायचं नाही ना, मग चार हंडे जास्त आण. डोक्यावर हंडा घेऊन चढ चढलं तर पायांना सुट्टी कुठली? मी आईला हे वाचून दाखवलं. ती हसली आणि दादाला हंडा दिला. आजोबांना मी विचारलं, बेंदराला बैलाच्या मानेवर जू का ठेवत नाही? ते काही बोलले नाहीत, पण मंगळवारी मला पहाटे उठवलं नाही.

येत्या सोमवारी परत पळायला सुरुवात आहे. पहिल्या दिवशी निम्मंच अंतर, तेही शाळेमागच्या मातीच्या वाटेने, आणि दुसऱ्या दिवसापासून थोडं थोडं वाढवायचं.