ऐतिहासिक कादंबरीची मोहिनी

रात्रीची जेवणे आटोपली आहेत. घरात निजानीज झाली आहे. एका कोपऱ्यात मात्र एक मुलगा पुस्तकात डोके खुपसून बसला आहे. "आता दिवा मालव," असे आईने त्याला दोनदा बजावले; दोन्ही वेळा "एवढे एकच प्रकरण," असे उत्तर मिळाले. अखेर ते प्रकरण संपले. पण त्याच्या शेवटी भुयाराच्या तोंडाशी कोणाची तरी सावली हलली, आणि लेखकाने नेमकी तेथेच लेखणी थांबविली! ती सावली शत्रूची की मित्राची, हे कळल्यावाचून त्या मुलाला झोप कशी यावी?

असा अनुभव तुमच्यापैकी अनेकांना आला असेल. इतिहासाच्या तासाला सनावळ्यांचा कंटाळा करणारी मुलेसुद्धा ऐतिहासिक कादंबरी हाती पडली की तहानभूक विसरतात. काळ तोच, राजे तेच, लढायाही त्याच. मग हा फरक कशामुळे पडतो? आज आपण या प्रश्नाचा थोडा विचार करू.

ऐतिहासिक कादंबरी लिहिणाऱ्यापुढे आरंभीच एक मोठी अडचण उभी असते. साध्या रहस्यकथेचा शेवट एकट्या लेखकाला ठाऊक असतो. चोर कोण, हे तो शेवटच्या पानापर्यंत लपवून ठेवू शकतो. ऐतिहासिक कादंबरीत मात्र शेवट वाचकाला आधीपासूनच माहीत असतो. कोंढाण्याचीच गोष्ट घ्या. इ. स. १६७० च्या फेब्रुवारी महिन्यात तानाजी मालुसरे आपल्या मावळ्यांसह रात्रीच्या अंधारात तो अवघड कडा चढून गेले. घनघोर लढाई झाली. तानाजी आणि किल्लेदार उदेभान दोघेही रणात पडले आणि गड मराठ्यांच्या हाती आला. ही हकीकत महाराष्ट्रातील लहान मूलही सांगू शकेल. ज्या गोष्टीचा शेवट सर्वांना पाठ आहे, तीत उत्कंठा आणावी तरी कोठून?

हरि नारायण आपटे यांनी ही अडचण कशी दूर केली, ते पाहण्यासारखे आहे. 'गड आला पण सिंह गेला' ही त्यांची कादंबरी याच प्रसंगावर रचलेली आहे. तीत त्यांनी कमलकुमारी नावाची एक राजपूत स्त्री आणली आहे. उदेभान तिला बळाने पळवून आणतो आणि गडावर अडकवून ठेवतो. ही कमलकुमारी इतिहासाच्या पानावरची नव्हे. ती कादंबरीच्या पानावरची आहे. म्हणूनच तिचे पुढे काय होणार, हे कोणत्याही इतिहासाच्या पुस्तकात पाहून कळत नाही. गडाचे काय झाले, हे वाचकाला ठाऊक असते. कमलकुमारीचे काय होईल, हे ठाऊक नसते. मावळे कडा चढू लागतात तेव्हा आपण मनातल्या मनात म्हणू लागतो, "अरे, लवकर चढा! तिच्यापर्यंत वेळेवर पोहोचा!" ज्ञात घटनेच्या मध्यभागी एक अज्ञात प्राण ठेवताच सगळी गोष्ट पुन्हा नवी होते. ऐतिहासिक कादंबरीच्या मोहिनीचे मर्म येथे आहे.

कादंबरीतील प्रेमकथेचे कार्यही असेच असते. इतिहास आपणांस सांगतो की, अमुक लढाईत इतके वीर कामास आले. तो आकडा वाचून आपण पुढे जातो. परंतु त्या वीरांपैकी एखाद्याची घरी कोणी वाट पाहत आहे, निघताना त्याने "मी परत येईन" असा शब्द दिला आहे, हे कादंबरीकार आपल्याला सांगतो. आणि मग त्या वीराच्या दिशेने सुटलेला प्रत्येक बाण आपल्याच काळजाचा वेध घेतो. तीनशे वर्षांपूर्वीची माणसे आपल्यासारखीच हसत होती, रुसत होती, एकमेकांवर जीव लावीत होती, ही जाणीव सनावळीतून होत नाही. ती अशा गोष्टीतून होते. प्रेमाचा अंश फार झाला तर मात्र इतिहास मागे पडतो आणि गोष्ट पातळ होते. भाजीतील मिठाप्रमाणे त्याचे प्रमाण जाणावे लागते.

आता गूढाकडे वळू. जुना काळ हा गूढकथेला फारच सोयीचा आहे. आज एखादा निरोप क्षणार्धात शेकडो कोस जातो. त्या काळी जासुदाला घोडा फेकीत दिवसच्या दिवस जावे लागे. वाटेत नदीला पूर येई, घाटात दगा होई, खलिता भलत्याच हाती पडे. निरोप पोहोचला की नाही, हे पाठविणाऱ्याला कळण्यास मार्ग नसे. किल्ल्यांवर चोरदरवाजे असत. राजगडावर गेलात तर असा चोरदरवाजा तुम्हांला आजही पाहावयास मिळेल. बहिर्जी नाईकांसारखे हेर वेष पालटून शत्रूच्या मुलखात वावरत. तेव्हा दारी आलेला बैरागी खरोखरच बैरागी आहे काय, अशी शंका घेण्यास पुरेपूर जागा असे. कादंबरीकाराला गूढ रचण्यासाठी फारशी धडपड करावी लागत नाही. त्या काळाच्या राहणीतच ते दडलेले असते.

मराठीत अशा कादंबऱ्यांची परंपरा जुनी आहे. रा. भि. गुंजीकर यांची 'मोचनगड' ही कादंबरी इ. स. १८७१ मध्ये पुस्तकरूपाने निघाली. मराठीतील पहिली ऐतिहासिक कादंबरी म्हणून तिचा मान आहे. तीत काळ शिवशाहीचा आहे. कथानक मात्र मुख्यतः कल्पित आहे. पुढे हरिभाऊ आपट्यांनी आपल्या 'करमणूक' या साप्ताहिकातून 'उषःकाल' ही कादंबरी क्रमशः छापली. किल्लेदार बापाची निष्ठा विजापूरच्या दरबारी जडलेली आणि मुलाचे मन शिवाजी महाराजांकडे ओढ घेणारे, असा पेच तीत आहे. पुढील अंक हाती येईपर्यंत वाचकांना वाट पाहावी लागे. त्यामुळे उत्कंठा आणखीनच वाढे. गो. ना. दातार यांनी रेनॉल्ड्स या इंग्रज कादंबरीकाराच्या कथांचा आधार घेऊन त्यांना आपल्याकडील वेष चढविला; 'कालिकामूर्ती', 'इंद्रभुवनगुहा' ही त्यांच्या पुस्तकांची नावेच वाचकाला खुणावतात.

नाथमाधव यांची हकीकत तर विशेष आहे. त्यांचे खरे नाव द्वारकानाथ माधव पितळे. त्यांना शिकारीचा नाद होता. एकदा सिंहगडाच्या कड्यावरून पडून त्यांचे कमरेखालचे शरीर लुळे झाले. ज्याला डोंगरदऱ्यांतून हिंडण्याची हौस, त्यालाच अंथरुणाशी खिळून राहण्याची पाळी आली! परंतु ते खचले नाहीत. त्यांनी वाचन आरंभिले, लेखणी हाती धरली आणि 'वीरधवल'सारख्या साहसाने भरलेल्या कादंबऱ्या लिहिल्या. स्वतःला चालता येत नसता त्यांनी हजारो वाचकांना किल्ल्यांच्या वाटांवरून हिंडवून आणले. गतकाळात शिरण्यासाठी पाय नव्हे, तर कल्पना लागते, याचे याहून चांगले उदाहरण कोणते?

येथवर आपण ऐतिहासिक कादंबरीचे गुण पाहिले. परंतु या मोहिनीत एक धोकाही आहे. उत्तम रीतीने सांगितलेली गोष्ट इतकी मनावर ठसते की, ती खरी की कल्पित, हे विचारण्याचे भान आपल्याला उरत नाही. तानाजींच्या मृत्यूनंतर कोंढाण्याचे नाव 'सिंहगड' असे ठेवले गेले, असे आपण सारे ऐकत आलो आहोत. परंतु इ. स. १६६३ मधील, म्हणजे त्या लढाईच्या सात वर्षे आधीच्या, शिवाजी महाराजांच्या एका पत्रात 'सिंहगड' हे नाव आढळते. त्यामुळे तानाजींचा पराक्रम अणुमात्र उणा होत नाही. गड सिंहगडच राहतो आणि वीरही सिंहच राहतो. मात्र एक जुने पत्र लाडक्या आख्यायिकेला कसे प्रश्न विचारू शकते, हे आपल्याला कळते.

गडाच्या नावाबाबत चूक झाली, तर कोणाचे फारसे बिघडत नाही. माणसाच्या नावाबाबत झाली, तर मोठा अन्याय होतो. छत्रपती संभाजी महाराजांच्या बाबतीत असेच घडले. इ. स. १६८९ मध्ये औरंगजेबाच्या कैदेत असह्य यातना सोसून त्यांनी मरण पत्करले. तथापि त्यांच्यानंतर बराच काळ नाटकांतून आणि कादंबऱ्यांतून त्यांचे चित्र व्यसनी, उतावळा राजपुत्र असेच रंगविले जात होते. त्या चित्राला मल्हार रामराव चिटणीस यांच्या बखरीचा मोठा आधार होता. आता एखाद्या चतुर शोधकाप्रमाणे या साक्षीदाराची उलटतपासणी करा. ही बखर केव्हा लिहिली गेली? संभाजी महाराजांच्या मृत्यूनंतर शंभराहून अधिक वर्षांनी. लिहिणारा कोण? संभाजी महाराजांच्या आज्ञेवरून ज्यांना देहान्त शिक्षा झाली, त्या बाळाजी आवजी चिटणीसांचा वंशज. घटना त्याने डोळ्यांनी पाहिलेली नाही, आणि त्याच्या घराण्याच्या मनात जुने दुःख असणे स्वाभाविक आहे. अशी साक्ष एकटीच्या बळावर ग्राह्य धरावी काय?

वा. सी. बेंद्रे या संशोधकांनी हाच प्रश्न मनाशी धरला. त्यांनी अनेक वर्षे त्या काळातील कागदपत्रे धुंडाळली आणि इ. स. १९६० मध्ये संभाजी महाराजांचे विस्तृत चरित्र प्रसिद्ध केले. त्यातून लोकांपुढे वेगळेच संभाजी महाराज उभे राहिले. 'बुधभूषण' हा संस्कृत ग्रंथ रचणारे आणि नऊ वर्षे बलाढ्य शत्रूशी झुंज देणारे ते राजे होते. पुढे इ. स. १९७९ मध्ये शिवाजी सावंत यांची 'छावा' ही कादंबरी आली आणि हे नवे चित्र घरोघरी पोहोचले. एका माणसावरचा दोनशे वर्षांचा डाग कागद पारखून पुसला जाऊ लागला. कोणत्याही रहस्यकथेतील शोधाहून हा शोध कमी रोमांचक आहे काय?

यावरून कादंबरीकाराने आणि वाचकाने एक मर्यादा ध्यानात ठेवावी. कमलकुमारीसारखी व्यक्ती ही लेखकाची निर्मिती. तिला तो हवे ते बोलावयास लावू शकतो. परंतु जी माणसे खरोखर होऊन गेली, त्यांच्याविषयी लिहिताना लेखणी जपून चालविली पाहिजे. कारण मृत माणसाला आपली बाजू मांडता येत नाही. वाचकानेही कादंबरी जरूर वाचावी, तीत रंगून जावे, रात्री एखादे प्रकरण अधिक वाचले म्हणून काही बिघडत नाही. मात्र पुस्तक मिटल्यावर त्याने तीन प्रश्न अवश्य विचारावेत : यातील खरे कोण, कल्पित कोण? हे कशाच्या आधारे सांगितले आहे? आणि सांगणारा त्या घटनेच्या किती जवळ होता?

हे प्रश्न विचारल्याने गोष्टीची गोडी कमी होत नाही. उलट, कादंबरीतले गूढ शेवटच्या पानाला उकलते; इतिहासातले गूढ तेथून पुढे सुरू होते. त्या भुयाराच्या तोंडाशी हललेली सावली कोणाची, हे लेखक सांगेलच. परंतु जुन्या रुमालांत बांधलेल्या मोडी कागदांत अशा कितीतरी सावल्या अजून हलत आहेत. त्यांच्याकडे दिवा घेऊन जाणारा कोणीतरी हवा आहे. तो तुमच्यापैकीच एखादा असेल.

शब्दार्थ

उत्कंठा – पुढे काय होईल हे जाणण्याची तीव्र इच्छा. जासूद – निरोप नेणारा दूत. खलिता – थैलीतून पाठविलेले महत्त्वाचे पत्र. आख्यायिका – लोकांच्या तोंडून चालत आलेली गोष्ट. ग्राह्य – मानण्याजोगे. रुमाल – जुने कागद बांधून ठेवण्याचे कापड. अशा कागदांचा गठ्ठा.

स्वाध्याय

१. ऐतिहासिक कादंबरी लिहिणाऱ्यापुढे कोणती अडचण असते? हरिभाऊ आपट्यांनी ती कशी दूर केली?
२. जुना काळ गूढकथेला सोयीचा का आहे? पाठातील तीन कारणे लिहा.
३. "गतकाळात शिरण्यासाठी पाय नव्हे, तर कल्पना लागते." हे विधान नाथमाधवांच्या आयुष्यावरून स्पष्ट करा.
४. चिटणीसांच्या बखरीची साक्ष एकटीच्या बळावर का स्वीकारू नये?
५. पुढील वाक्प्रचारांचा वाक्यांत उपयोग करा : तहानभूक विसरणे, कामास येणे, जीव लावणे, अंथरुणाशी खिळणे.
६. तुमच्या गावातील एखाद्या जुन्या वास्तूविषयी सांगितली जाणारी गोष्ट वडीलधाऱ्यांना विचारून लिहून काढा. तिच्यातील खरे काय आणि कल्पित काय असावे, हे पाठातील तीन प्रश्नांच्या साहाय्याने तपासा.