वाचलेल्या वेळेचे काय होते?



मोबाईलवर मालिका पाहताना वेग बदलण्याची सोय असते. दीडपट वेग निवडला की ६० मिनिटांचा भाग ४० मिनिटांत संपतो. आपल्या घरांतील तरुण मुले सर्रास असे पाहतात आणि विचारले तर म्हणतात, "वेळ वाचतो." हे कितपत खरे आहे, याचा आज आपण विचार करू या.

पूर्वी टेपरेकॉर्डरची फीत जोरात फिरवली की माणसाचा आवाज चिरका होई. आता यंत्र आवाजाचे अगदी बारीक तुकडे करून असे जोडते की आवाजाची पट्टी तीच राहते, फक्त बोलणे जलद होते. त्यामुळे कानाला खटकत नाही. नेटफ्लिक्सने २०१९ साली या सोयीची चाचणी घेतली, तेव्हा जड अपाटाव, ब्रॅड बर्ड अशा अमेरिकन दिग्दर्शकांनी जाहीर नाराजी व्यक्त केली. तरीही २०२० साली अँड्रॉइड फोनवर ती सुरू झाली.

ही सोय वाईटच आहे असे आम्हाला मुळीच म्हणायचे नाही. तिच्यात वेग कमी करण्याचाही पर्याय आहे. ज्यांना ऐकू येत नाही त्यांना पडद्यावरच्या ओळी सावकाश वाचता येतात. अभ्यासाच्या बाबतीतही तिचा उपयोग आहे. अमेरिकेत लॉस एंजेलिस येथील कॅलिफोर्निया विद्यापीठातील संशोधकांनी विद्यार्थ्यांना व्याख्याने वेगवेगळ्या वेगाने दाखवली. दुप्पट वेगापर्यंत त्यांच्या आकलनात फारसा फरक पडला नाही, अडीचपट वेगाला मात्र ते घटले. तेव्हा बातम्या, पाककृती, एखादा धडा जलद पाहिला तर बिघडत नाही. तिथे आपल्याला माहिती हवी असते.

गोष्टीचे तसे नाही. २००४ साली प्रदर्शित झालेला 'श्वास' हा मराठी चित्रपट आपल्यापैकी अनेकांनी पाहिला असेल. डोळ्यांच्या कर्करोगामुळे नातवाची दृष्टी जाणार आहे. शस्त्रक्रियेआधी आजोबा त्याला जग डोळे भरून पाहता यावे म्हणून इस्पितळाबाहेर घेऊन जातात. यात 'माहिती' एवढीच, ती एका वाक्यात संपते. पण आजोबांचे गप्प राहणे दीडपट वेगाने पाहिले तर आपल्या हाती काय लागेल? दुःख समजायला जेवढा वेळ लागतो तेवढा लागतोच.

आता वेळेचा हिशेब करू. ४५ मिनिटांचे १० भाग म्हणजे साडेसात तास. दीडपट वेगाने ते पाच तासांत संपतात, अडीच तास वाचतात. पण त्या अडीच तासांत त्याच वेगाने आणखी पाच भाग पाहिले, तर वाचले काय? काहीच नाही. उलट, जी मालिका घाईघाईने उरकावीशी वाटते ती पाहिलीच नाही, तर पूर्ण साडेसात तास आपले!

आणखी एक गोष्ट आम्हाला महत्त्वाची वाटते. दीडपट वेगाने पाहणारा बहुधा एकटाच पाहतो. आजीला तो वेग झेपत नाही, म्हणून ती दुसऱ्या खोलीत जाते. एके काळी सारे घर एका टीव्हीपुढे बसे, मध्येच कोणी प्रश्न विचारी, कोणी हसे. आणि जलद ऐकण्याची सवय जडली की सावकाश बोलणाऱ्या माणसाचे ऐकताना जीव कासावीस होतो. आजोबा तीच हकिकत तिसऱ्यांदा सांगत असतात, लहान मूल शब्द शोधत अडखळत असते. त्यांचा वेग वाढवणारे बटण कोणाकडेही नाही, आणि नाही तेच बरे.

या आठवड्यात कुटुंबात एकत्र बसून पुढील प्रश्नांवर बोलू या:

१. आपण जलद काय पाहतो आणि का?
२. गेल्या आठवड्यात वाचलेला वेळ कोणासाठी वापरला?
३. सर्वांनी मिळून, नेहमीच्या वेगाने पाहावे असे काय आहे?

तिसऱ्या प्रश्नाचे उत्तर सापडले, तर येत्या रविवारी संध्याकाळी तेच लावू या आणि आजीला सर्वांत आधी हाक मारू या.