प्रश्नोत्तरावली ठेवावी की टाकावी?

पाठ : अनुवाद ६:२०-२५, लूक १:१-४, प्रेषितांची कृत्ये ८:२६-३५

गेल्या पावसाळ्यात कऱ्हाडकडील एका मंडळीत उपदेशक व शब्बाथशाळेचे शिक्षक जमले असता एका तरुण बंधूने उभे राहून विचारले की, आपल्या वाडवडिलांनी घोकलेली प्रश्नोत्तरावली आपण अजून किती दिवस चालवावयाची? मुले ती पोपटासारखी म्हणतात; नाताळच्या बक्षीस समारंभापर्यंत ती टिकते, आणि पुढे तिचे एक अक्षरही राहत नाही. त्यापेक्षा गीते शिकवावी, मोबाईलवर चित्रे दाखवावी, हे बरे नव्हे काय? त्यावर एक वृद्ध उपदेशक काहीसे रागावून म्हणाले की, पाठांतर सुटले तेव्हापासूनच मंडळ्या ढिल्या पडल्या. दोघांच्याही बोलण्यास मान डोलविणारे तेथे होते. वेळ संपल्यामुळे प्रश्न तसाच राहिला. तो आम्ही या पाठात घेत आहो. कारण आमच्या मते दोघांचेही म्हणणे अर्धे खरे आहे, आणि अर्ध्या खऱ्यावर शाळा चालविली तर नुकसान मुलांचे होते.

प्रथम हे ध्यानात घ्यावे की प्रश्नोत्तराने शिकविणे ही मिशनरी साहेबांनी काढलेली युक्ती नव्हे. लूक आपल्या शुभवर्तमानाच्या आरंभी थियफिलाला लिहितो की, तुला ज्या गोष्टींचे शिक्षण मिळाले त्यांचा निश्चितपणा तुला कळावा. तेथे ‘शिक्षण मिळाले’ याबद्दल मूळ ग्रीक भाषेत जो शब्द आहे, त्याच्या मुळाशी आवाज कानी घुमविण्याची कल्पना आहे. त्याच शब्दापासून पुढे सर्व युरोपी भाषांत प्रश्नोत्तरावलीचे नाव पडले. अर्थात ही वस्तू आधी पुस्तक नव्हती. एकाने बोलावे, दुसऱ्याने ऐकून परत बोलावे, अशी ती क्रिया होती. ज्यास वाचता येत नाही त्याच्यासाठीही ती होती, किंबहुना त्याच्यासाठीच अधिक होती.

पुस्तक कसे झाले ते पाहण्यासारखे आहे. १५२८ मध्ये मार्टिन लूथर व त्याचे सोबती सॅक्सनी प्रांतातील खेड्यापाड्यांच्या मंडळ्या तपासावयास निघाले. तेथील लोकांचा बाप्तिस्मा झालेला होता, ते प्रभुभोजनही घेत. पण पुष्कळांस दहा आज्ञा येत नव्हत्या, विश्वासाचा अंगीकार येत नव्हता, आणि कित्येक पाळकांसही शिकविता येत नव्हते. हे पाहून लूथर दुःखी झाला, आणि १५२९ मध्ये त्याने आपली लहान प्रश्नोत्तरावली छापली. तिच्या प्रस्तावनेत तो गावच्या पाळकांस सांगतो की, एकच पाठ धरा. यंदा एक शब्द व पुढील वर्षी दुसरा असे करू नका, नाहीतर साधी माणसे गोंधळतात. शब्द तोंडी बसल्यावर मग त्यांचा अर्थ शिकवा, असेही तो सांगतो. आणि एवढा मोठा विद्वान स्वतः लिहितो की, मी रोज सकाळी मुलासारखा बसून या गोष्टी म्हणतो. आमच्यातील ज्या शिक्षकांस आपण आता प्रश्नोत्तरावलीच्या पुढे गेलो असे वाटते, त्यांनी यावर विचार करावा.

लूथराच्या मागून १५६३ ची हायडेलबर्गची १२९ प्रश्नांची प्रश्नोत्तरावली आली, आणि १६४७ ची वेस्टमिन्स्टरची १०७ प्रश्नांची लहान प्रश्नोत्तरावली. सांगली-मिरजेकडील आमच्या मंडळ्या प्रेस्बिटेरियन मिशनच्या कामातून उभ्या राहिल्या, म्हणून तेथील जुन्या लोकांच्या कानात वेस्टमिन्स्टरचा सूर आहे. साताऱ्याकडे अमेरिकन मराठी मिशन होते. रोमन कॅथोलिक मंडळीनेही ट्रेंटच्या सभेनंतर १५६६ मध्ये आपली मोठी प्रश्नोत्तरावली धर्मगुरूंकरिता काढली. तिच्यात प्रश्न कमी व विवेचन फार आहे, पण विषय तेच जुने चार : विश्वासाचा अंगीकार, संस्कार, दहा आज्ञा आणि प्रभूची प्रार्थना.

आता आपल्या देशाकडे वळू. थॉमस स्टीफन्स या नावाचा एक इंग्रज जेझुइट धर्मगुरू १५७९ मध्ये गोव्यास आला व साष्टी प्रांतात अनेक वर्षे राहिला. त्याने तेथील लोकांच्या कोकणी बोलीत प्रश्नोत्तरावली रचली. ती त्याच्या मृत्यूनंतर १६२२ मध्ये रायतूर येथे छापली गेली. परंतु त्याच्या आधीच, १६१६ मध्ये, त्याचे मराठी ओवीबद्ध ‘ख्रिस्तपुराण’ छापून निघाले होते. हा ग्रंथ का लिहावा लागला हे त्यात आरंभीच सांगितले आहे, आणि तो प्रसंग आमच्या विषयाच्या अगदी मर्माचा आहे. साष्टीत मुलांस ख्रिस्ती शिक्षणाची प्रश्नोत्तरे चालली असता एक ब्राह्मण ख्रिस्ती गृहस्थ तेथे आला. त्याने ते ऐकून आनंद दर्शविला, पण पाद्रीगुरूंस विनंती केली की, हे शिक्षण चांगले आहे, तथापि आमची पूर्वीची पुराणे बंद झाली आणि त्यांच्या जागी ऐकावयास आम्हांस दुसरे काही मिळाले नाही. तरी विस्ताराने सांगणारा असा एखादा ग्रंथ आमच्या भाषेत द्यावा. त्या काळी गोव्यात पोर्तुगीज राजसत्तेच्या जोरावर लोकांचे जुने ग्रंथ बंद पाडले गेले ही गोष्ट आम्ही झाकून ठेवीत नाही, व तिचे समर्थनही करीत नाही. परंतु त्या गृहस्थाची तक्रार खरी होती. प्रश्नोत्तरे म्हणजे घराचे वासे व आढे; नुसत्या वाशांखाली कोणी राहत नाही. त्यास कथा पाहिजे होती. स्टीफन्सने ती तक्रार ऐकली, आणि पुढे सुमारे अकरा हजार ओव्या लिहून तिचे उत्तर दिले. आम्ही प्रॉटेस्टंट असलो तरी एवढे शिक्षण त्या कॅथोलिक गुरूपासून घेण्यास आम्हांस संकोच वाटत नाही. साताऱ्यात नारायण वामन टिळकांनी १९१७ मध्ये ‘देवाचा दरबार’ भरविला व अभंगांनी ख्रिस्ताची ओळख करून दिली, तेही ह्याच भुकेला दिलेले अन्न होते.

कॅथोलिक बंधूंची आजची गोष्टही सांगण्याजोगी आहे. दुसऱ्या व्हॅटिकन सभेनंतर, म्हणजे १९६२ ते १९६५ नंतर, त्यांच्याकडे अनेक देशांत घोकंपट्टी मागे पडली. पुढे त्यांसच वाटू लागले की मुले गोष्टी जाणतात, पण विश्वास काय तो त्यांस सांगता येत नाही. मग १९९२ मध्ये मोठी नवी प्रश्नोत्तरावली निघाली, त्याच चार विषयांवर. आणि २००५ मध्ये तिचा ५९८ प्रश्नोत्तरांचा संक्षेप आला. जे टाकले होते ते पुन्हा उचलावे लागले. आमच्या त्या तरुण बंधूने हे पाहावे.

तरीपण आम्ही त्या वृद्ध उपदेशकांच्या बाजूचे आहो असे कोणी समजू नये. आमची स्वतःची एक चूक येथे कबूल केली पाहिजे. पंधरा-सोळा वर्षांपूर्वी, आम्ही नुकतेच पाळकपद घेतले असता, एका गावी प्रभुभोजनास येऊ इच्छिणाऱ्यांची परीक्षा घेतली. त्यांत एक शेतकरी होता. त्यास आम्ही विचारले, “नीतिमान ठरणे म्हणजे काय?” तो गप्प राहिला. पुन्हा विचारले, तेव्हा पायाच्या अंगठ्याने भुई उकरू लागला. आम्ही त्यास सांगितले की, पुढील वर्षी तयारी करून ये. दुपारी आम्ही एस.टी.च्या थांब्यावर बसलो असता त्याचा एक हिंदू शेजारी आला व म्हणाला, “पाळकसाहेब, तुम्ही त्याला नापास केलात म्हणे?” आम्ही होय म्हटले. तो म्हणाला, “भावानं त्याचा बांध कोरला होता. कोर्टात दावा होता, तो त्यानं मागं घेतला. आम्ही सगळ्यांनी वेड्यात काढला. तर म्हणतो, माझं एवढं मोठं कर्ज देवानं येशूपायी सोडलं, मी ह्या वीतभर जमिनीला काय धरून बसू?”

प्रियजनहो, आम्ही विचारलेल्या प्रश्नाचे उत्तर ह्याहून चांगले कोणत्या पुस्तकात आहे? त्या मनुष्यास उत्तर येत होते. आमचा प्रश्नच त्याच्यापर्यंत पोहोचला नव्हता. आमची गाडी आली ती आम्ही जाऊ दिली व त्याच्या घरी परत गेलो. त्यास सांगितले की, तू शेजाऱ्यापाशी जे बोललास त्यासच पुस्तकात नीतिमान ठरणे म्हणतात : आपल्या पुण्याईने नव्हे, तर ख्रिस्तावर विश्वास ठेवल्यामुळे देव आपले पाप हिशेबात धरीत नाही. तो हसला व म्हणाला, “एवढंच होय!” दोन दिवसांत ते उत्तर त्यास शब्दशः पाठ झाले. पुढे त्याने ते आपल्या मुलास शिकविले, आणि प्रत्येक वेळी बांधाची गोष्ट सांगून शिकविले असे आम्हांस कळले.

मग पाठांतर कशास, असे कोणी म्हणेल. अनुभव होताच ना! होता, पण त्यास नाव नव्हते, आणि ज्यास नाव नाही ते मुलाच्या हाती देता येत नाही. शिवाय दुसरे एक कारण आहे, ते जत-आटपाडीकडील उपदेशकांस सांगावयास नको. दिवाळीच्या सुमारास तेथील कित्येक कुटुंबे ऊसतोडीस जातात ती उन्हाळ्याच्या तोंडावर परत येतात. मुलेही बरोबर जातात. कोपीत ना शब्बाथशाळा, ना मंदिर. बोचक्यात भांडी व अंथरूण मावते, पुस्तक क्वचितच. अशा एका टोळीतील बहिणीने आम्हांस सांगितले की, पहाटे अंधारात फडाकडे चालताना ती दहा आज्ञा व प्रभूची प्रार्थना प्रश्नोत्तरांसह मनात म्हणते, आणि रात्री तीच मुलांकडून म्हणवून घेते. तिला अक्षरओळख नाही. तिच्या आईने लहानपणी तिच्याकडून जे घोकून घेतले तेवढेच पाच-सहा महिने तिच्या मुलांचे सारे धर्मशिक्षण असते. मोबाईलवरील चित्रांचा आम्ही तिरस्कार करीत नाही, पण फडात तो कधी चार्ज असतो, कधी नसतो.

तर शिकवावे कसे? अनुवादाच्या सहाव्या अध्यायात देवाने ही रीत घालून दिली आहे, व ती आमच्या रीतीच्या उलट आहे. तेथे बाप प्रश्न विचारीत नाही, मुलगा विचारतो. ह्या आज्ञा कशाकरिता, असे तो पुसतो. आणि बाप व्याख्या सांगत नाही. आम्ही मिसर देशात दास होतो, तेथून परमेश्वराने आम्हांस सोडविले, अशी तो गोष्ट सांगतो. आज्ञेचा अर्थ गोष्टीनंतर येतो. मंदिरात बारा वर्षांचा येशूही ऐकत होता व प्रश्न विचारीत होता. रथातील हबशी अधिकाऱ्याने फिलिप्पास विचारले, तेव्हा फिलिप्पाने त्याच शास्त्रवचनापासून आरंभ करून येशूची सुवार्ता सांगितली. श्रोत्याने विचारावे व वक्त्याने सांगावे ही रीत आमच्या मुलुखास अनोळखी नाही. साताऱ्याजवळच्या सज्जनगडावर ज्यांची समाधी आहे त्या रामदासांचा दासबोधही श्रोत्यांच्याच प्रश्नाने सुरू होतो. आमची मुले मात्र आमच्यापुढे विचारावयास भितात, आणि हा दोष मुलांचा नव्हे.

उदाहरणार्थ, चोरी करू नको ही आज्ञा घ्या. आधी पुस्तक उघडू नका. नाबोथाच्या द्राक्षमळ्याची गोष्ट सांगा (१ राजे २१). मग विचारा, आपल्या गावात दुसऱ्याची जमीन न विकत घेता कशी घेतात? मुले लगेच सांगतील : नांगर धरताना बांध कोरून. मोटारीच्या पाण्याची पाळी चुकवून घेणे, मजुराचा अर्धा रोज बुडविणे, वजनात मारणे, हेही त्यांच्याच तोंडून येईल. त्यांस घरी-दारी सर्व दिसते. इतके झाल्यावर प्रश्नोत्तरावलीतील उत्तर वाचा, व ते त्या आठवड्यात पाठ करवा, शब्द न बदलता. पुढील रविवारी तेच उत्तर म्हणवून झाल्यावर एका मुलास आपल्या शब्दांत सांगू द्या, आणि दुसऱ्यास त्यावर प्रश्न विचारू द्या. एका रविवारी एकच प्रश्न पुरे. एका वर्षात पुस्तक संपविण्याची घाई कोणी लाविली आहे?

येथे एक लहानशी सूचना. ज्या घरात एक बाजू कॅथोलिक आहे, तेथील मूल चोरीच्या आज्ञेस सातवी म्हणेल व आमचे आठवी म्हणेल. त्यास चुकले म्हणून गप्प करू नका. मूर्तीविषयीची आज्ञा कॅथोलिक पहिल्या आज्ञेतच धरितात व लोभाच्या आज्ञेचे दोन भाग करितात, म्हणून त्यांचे आकडे वेगळे येतात; लूथराची गणतीही तशीच आहे. जेथे खरा मतभेद आहे, जसे संतांपाशी विनंती करण्याविषयी, तेथे आपले मत शास्त्राधाराने सांगावे; पण मुलाच्या आजीची निंदा करून सांगू नये.

कठीण शब्दांविषयी तक्रार नेहमी येते. पवित्रीकरण, दत्तकपण, मध्यस्थ, हे शब्द काढून गावठी शब्द घालावे असे काहीजण सुचवितात. आमचे मत तसे नाही. प्रत्येक गावाने आपला शब्द घातला तर शिरवळचे मूल शिराळ्यास जाऊन मुके होईल. शब्द ठेवावा, अर्थ उलगडावा. दत्तकपणा तर आमच्या लोकांस न समजावयास काय झाले? दत्तक घेतलेल्या मुलाचे नाव सातबाऱ्यावर कसे चढते हे तुम्हीआम्ही सर्व जाणतो.

येत्या रविवारी प्रत्येक शाळेत एवढे करावे. प्रभूच्या प्रार्थनेतील रोजच्या भाकरीची विनंती घ्यावी. रानातील मान्न्याची गोष्ट सांगावी (निर्गम १६), उत्तर पाठ द्यावे, आणि मग प्रत्येक मुलाकडून एक प्रश्न मागावा. शेजाऱ्याच्या घरी भाकरी नसली तर ही प्रार्थना कोणाची, असे कोणी विचारील. ज्या प्रश्नास आपणांस उत्तर देता येणार नाही तो वहीत लिहून ठेवावा, मुलास “मला ठाऊक नाही, पाहून सांगतो” असे उघड म्हणावे, व ती वही उपदेशकांच्या पुढील मासिक सभेस बरोबर आणावी.