बिनतारी तापमान व आर्द्रता मापक : मांडणी, पारख आणि वापर

श्रीवर्धन तालुक्यातील दिघी हे गाव राजपुरी खाडीच्या दक्षिण तीरावर, तिच्या मुखाजवळ वसले आहे. येथे रात्री व पहाटे जमिनीकडून मतलई वारे वाहतात आणि दिवस चढला की समुद्रावरून खारे वारे सुरू होतात. वारा फिरताच हवेतील उष्णता व ओलावा ही दोन्ही बदलतात. आंब्याच्या मोहोरावर फवारणी केव्हा करावी, वाळत घातलेली सुपारी उघडी ठेवावी की झाकावी, हे निर्णय या बदलांशी निगडित आहेत. बागेत टांगून घरबसल्या आकडे दाखविणारे बिनतारी मापक आता माफक किमतीत मिळतात व कित्येक बागायतदारांनी ते घेतलेही आहेत. परंतु पडद्यावर आकडा दिसला म्हणजे तो खरा, असे समजू नये. चुकीच्या जागी टांगलेल्या मापकावर विसंबून केलेली फवारणी फुकट जाते, किंवा हवी त्या वेळी होतच नाही. म्हणून मापकाची मांडणी व पारख यांविषयी येथे थोडे विस्ताराने सांगितले आहे.

प्रथम आर्द्रतेचा अर्थ नीट ध्यानी घेतला पाहिजे. मापक दाखवितो ती सापेक्ष आर्द्रता होय. त्या तापमानाला हवा जास्तीत जास्त जेवढी वाफ धरू शकेल, तिच्या शेकडा किती वाफ प्रत्यक्षात हवेत आहे, हे तो आकडा सांगतो. हवा तापली की तिची वाफ धरण्याची शक्ती वाढते. पहाटे 20 अंश सेल्सिअसला 95 टक्के आर्द्रता असलेली हवा दुपारी 32 अंशांपर्यंत तापली, तर वाफेचा एक कणही कमी न होता आर्द्रता सुमारे 47 टक्के दिसेल. तेव्हा तापमान सोडून नुसती आर्द्रता वाचणे व्यर्थ आहे. नोंदवहीत दोन्ही आकडे शेजारी शेजारी लिहावेत.

यावरून मांडणीतील मुख्य दोष कोणता, हे सहज कळेल. मापकावर ऊन पडले तर त्याची डबी तापते व तो हवेचे तापमान न सांगता स्वतःच्या डबीचे सांगू लागतो. समजा, हवा 30 अंश व आर्द्रता 70 टक्के आहे. डबी 34 अंशांवर गेली, तर आर्द्रता सुमारे 56 टक्केच दिसेल. एवढ्या फरकाने ओली हवा कोरडी भासते. हे टाळण्यासाठीच हवामान खात्याच्या वेधशाळांत तापमापक पांढऱ्या, झडपांच्या लाकडी पेटीत ठेवण्याची रीत आहे. आपल्या लहान मापकासाठी पांढऱ्या प्लॅस्टिकच्या बशा पालथ्या घालून, त्यांच्यात बोटभर अंतर राखून एकावर एक बसवाव्यात व मधल्या बशांना भोक पाडून मापक आत टांगावा. वारा आरपार खेळला पाहिजे, मात्र ऊन व पाऊस आत येता कामा नये. पत्र्याचे छप्पर, जांभ्याची भिंत, सिमेंटचे अंगण व पाण्याची टाकी यांच्यालगत मापक टांगू नये.

उंची किती असावी, हा प्रश्न नेहमी विचारला जातो. दुसऱ्या गावाच्या आकड्यांशी तुलना करावयाची असल्यास जमिनीपासून सुमारे दीड मीटर उंची ठीक. पण मोहोराभोवतीची हवा जाणून घ्यावयाची असेल तर मापक झाडाच्या मध्यावर, पालवीच्या सावलीत हवा. पुणे येथे 1932 साली हवामान खात्याचा कृषी हवामान विभाग सुरू झाला. त्याचे प्रमुख डॉ. एल. ए. रामदास यांनी त्याच सुमारास दाखवून दिले की, निरभ्र व निवांत रात्री सर्वांत थंड हवा उघड्या जमिनीला लागून नसते, ती वीतभर-हातभर वर असते. एवढ्याशा उंचीने जर फरक पडतो, तर वाडीतील हवा व रस्त्यावरील हवा एकच मानणे किती चुकीचे ठरेल! दिनांक 3 जून 2020 रोजी निसर्ग चक्रीवादळ या किनाऱ्यावर आदळले व श्रीवर्धन-दिवेआगर भागातील नारळी-पोफळीच्या वाड्या मोठ्या प्रमाणावर उन्मळून पडल्या. जेथे जुनी सावली गेली, तेथे नव्या रोपांभोवतीची दुपारची हवा पूर्वीसारखी राहत नाही. अशा वाडीत एक मापक उघड्या भागात व एक दाट सावलीत ठेवला, तर कोणत्या रोपांना सावली व पाणी अगोदर द्यावे हे आठवड्याभरात समजेल. मापक झाडाला न बांधता जमिनीत पक्क्या रोवलेल्या लोखंडी नळीवर बसविणे बरे. मोहोरासाठी मात्र फांदीचाच आधार घ्यावा लागतो.

मापक व घरातील ग्राहक यंत्र यांमधील बिनतारी संदेशाला ओल्या पानांचा व जाड भिंतींचा अडथळा होतो. उन्हाळ्यात व्यवस्थित पोहोचणारा संदेश पावसाळ्यात तुटतो, तो बहुधा याच कारणाने. ग्राहक यंत्र बागेच्या बाजूच्या खिडकीत, शक्य तितके उंच ठेवावे. लांब पल्ल्याचे मापक घेताना ते 865 ते 867 मेगाहर्ट्झ या पट्ट्यातील असल्याची खात्री करावी. आपल्या देशात ठराविक शक्तीपर्यंत हा पट्टा परवान्यावाचून वापरता येतो. परदेशी बाजारासाठी 915 मेगाहर्ट्झवर चालणारी यंत्रे घेऊ नयेत. नोंद दर दहा-पंधरा मिनिटांनी झाली तरी पुरते. मिनिटामिनिटाची नोंद केल्याने ज्ञान वाढत नाही, बॅटरी मात्र लवकर संपते.

आता पारख. पावसाळ्यात स्वयंपाकघरातील मिठाला पाणी सुटते, हे प्रत्येक गृहिणीस ठाऊक आहे. हवेची आर्द्रता सुमारे 75 टक्क्यांच्या वर गेली की मीठ ओलावा ओढू लागते. याच गुणाचा उपयोग करून मापक तपासता येतो. घट्ट झाकणाची काचेची वा प्लॅस्टिकची बरणी घ्यावी. धातूचा डबा नको, कारण त्यातून बिनतारी संदेश बाहेर पडत नाही. लहान वाटीत चार चमचे मीठ घेऊन ओल्या वाळूसारखे होईल इतकेच पाणी घालावे. वाटी व मापक बरणीत ठेवून झाकण लावावे, मात्र मापकाला मीठ लागू देऊ नये. बरणी सावलीच्या खोलीत रात्रभर तशीच राहू द्यावी. सकाळी आकडा 75 च्या आसपास आला पाहिजे. 79 आला, तर मापक 4 टक्के जास्त दाखवितो असे वहीत लिहून पुढील नोंदींतून तेवढे वजा करावेत. दोन-तीन टक्क्यांचा फरक मनावर घेऊ नये. चांगल्या मापकातही तो असतोच.

दिघीसारख्या ठिकाणी ही तपासणी वर्षातून दोनदा तरी करणे अगत्याचे आहे. खाऱ्या वाऱ्याबरोबर आलेले मीठ मापकाच्या जाळीवर बसते, ओलावा ओढते व आकडा फुगवते. शिवाय पावसाळ्याचे चार महिने सतत ओल्या हवेत राहिल्याने मापकाचा आकडा काही काळ वर सरकलेला असतो. म्हणून मोहोराच्या हंगामापूर्वी, ऑक्टोबरात, बॅटरी काढून जाळी शुद्ध पाण्यात बुडविलेल्या मऊ कापडाने पुसावी, मापक दोन दिवस कोरड्या जागी ठेवावा व मगच मिठाची पारख घ्यावी. साबण किंवा स्पिरिट वापरू नये.

वापराच्या बाबतीत सर्वाधिक लाभ आंब्यात आहे. करप्याची बुरशी रुजण्यास मोहोर व कोवळी पालवी काही तास ओली राहावी लागते. निरभ्र रात्री पान हवेहून थंड होते व मापक 100 दाखविण्याआधीच त्यावर दव धरते. यास्तव सर्वोच्च आकडा न पाहता रात्रीतून 90 टक्क्यांच्या वर किती तास गेले, ते मोजावे. असे तास दररोज वाढत असतील व आकाश ढगाळ असेल, तर कृषी विद्यापीठाच्या वेळापत्रकातील पुढची फवारणी लांबवू नये. भुरीचे मात्र निराळे आहे. तिला पानावर पाणी लागत नाही, म्हणून आर्द्रतेचा आकडा उतरला एवढ्यावरून भुरी येणार नाही असे मानणे धोक्याचे आहे. तेथे मोहोर स्वतः डोळ्यांनी तपासावा.

सुपारीवरील कोळे रोगासाठी मापकाचा उपयोग फार थोडा. भर पावसात वाडीतील आर्द्रता रात्रंदिवस शंभराच्या आसपास असते, त्यात शिकण्यासारखे काही नाही. पावसाळ्यापूर्वी एक टक्का बोर्डो मिश्रणाची फवारणी व सुमारे 40 ते 45 दिवसांनी पावसाची उघडीप साधून दुसरी, हाच क्रम पाळावा. सुपारी वाळविताना मात्र मापक खळ्याजवळ जरूर ठेवावा. सायंकाळी आर्द्रता 75 च्या वर चढू लागली की वाळत आलेली सुपारी झाकावी, अन्यथा दिवसा गेलेला ओलावा ती रात्री परत घेते.

फळपीक विम्याविषयी एक गैरसमज आढळतो. हवामानावर आधारित विम्याची भरपाई शासनमान्य संदर्भ हवामान केंद्राच्या नोंदींवरून ठरते. घरच्या मापकाचा आकडा त्यासाठी ग्राह्य धरला जात नाही. तरीही स्वतःची तपासलेली नोंद तारीखवार जपून ठेवावी. केंद्राचे आकडे व आपल्या बागेचे आकडे सतत फार वेगळे पडत असतील, तर गावपातळीवरील कार्यकर्त्यांनी मिठाच्या पारखेच्या तारखेसह ती वही तालुका कृषी अधिकाऱ्यांस दाखवावी.