कोपी उठल्यावर काय उरतं

पुणे

चि. वैष्णवीस,

पुरातत्त्व शिकायचं म्हणतेस, हे आईकडून कळलं. तिची काळजी खोटी नाही. या विषयात नोकऱ्या मोजक्या, जागा निघायला वर्षं जातात. म्हणून नेट परीक्षेची तयारी पहिल्यापासून ठेव. पोटापाण्याचं एवढं पुरे.

युसूफ वडगावातून येऊन शहरातल्या मुलांपुढे आपला काय टिकाव लागणार, असं तू म्हणालीस म्हणे. म्हणून तुला लुईस बिनफर्डबद्दल सांगतो. १९३१ साली जन्मलेला पुरातत्त्वाचा हा अमेरिकी प्राध्यापक वाद घालायला कायम तयार असायचा. खापरांच्या याद्या आणि कालक्रम लावून थांबू नका, माणसं कशी जगत होती ते सांगा, हा त्याचा हेका. १९६२ च्या त्याच्या एका लेखाने तिथलं पुरातत्त्व ढवळून निघालं. पण जुन्या शिकाऱ्यांनी मागे ठेवलेल्या हाडांचा अर्थ नुसत्या वादाने लागेना. मग १९६९ पासून तो अलास्कातल्या नुनामिउत शिकाऱ्यांकडे जाऊ लागला. जनावर कुठे कापतात, कोणतं हाड तळावर येतं, शेकोटीपाशी बसलेला माणूस हाड पायाशी टाकतो की पाठीमागे भिरकावतो, हे सगळं त्याने टिपलं. त्यावरचं पुस्तक १९७८ साली आलं.

प्राध्यापकाला जे बघायला अलास्का गाठावा लागला, त्यातलं बरंच तुझ्या दाराशी आहे.

घोड नदीकाठचं इनामगाव घे, तीन हजार वर्षांपूर्वीची वस्ती. डेक्कन कॉलेजच्या सांकलिया, धवलीकर आणि अन्सारी यांनी तिथे १९६८ ते १९८३ खोदकाम केलं. आधीची घरं चौकोनी, ऐसपैस. अखेरच्या काळात लहान गोल झोपड्या. पाऊस हटला, शेती मोडली, लोक जनावरं घेऊन फिरू लागले, असा अर्थ धवलीकरांनी लावला. पुढे ग्वेन रॉबिन्स शुग या अमेरिकी संशोधिकेने तिथल्या लहान मुलांच्या हाडांवरून हाच प्रश्न पुन्हा तपासायला घेतला. दुष्काळ, घराला कुलूप, परमुलखात ऊसतोड्यांची झोपडी, म्हणजे कोपी: हे तुला कुणी शिकवायला नको. दिवाळीनंतर आपली अर्धी भावकी ऊसतोडीला साखर कारखान्याला जाते.

मात्र इनामगावची झोपडी म्हणजे आपली कोपीच, असं म्हणून मोकळी होऊ नकोस. कोपीमागे मुकादमाची उचल, म्हणजे आगाऊ रक्कम, असते, कारखान्याचा हंगाम असतो. तीन हजार वर्षांपूर्वी यातलं काही नव्हतं. दिसायला सारखं, पण कारण वेगळं, असं पुष्कळदा होतं. चांगले चांगले इथे घसरतात.

तेव्हा यंदा एक कर. मांजरा नदीकाठच्या उसात तोडीची टोळी उतरली की मुक्कामावरच्या बायकांशी आधी ओळख करून घे. विचारल्याशिवाय फोटो काढू नकोस, ती माणसं तमाशा नाहीत. चूल कुठे, पाणी कुठे, बैल कुठे, पोरं कुठे खेळतात, याचा नकाशा काढ. टोळी उठली की त्याच जागी टेप घेऊन जा. मेढीचे खड्डे, राख, फुटका माठ, बांगडीचा तुकडा, जे असेल ते मोजून लिही. पावसाळ्यानंतर पुन्हा जा. काय वाहून गेलं आणि काय टिकलं, ते पाहशील तेव्हा उत्खननाचे अहवाल तुला निराळे वाचता येतील.

गावच्या पांढरीत, म्हणजे जुन्या वस्तीच्या जागेत, मात्र कुदळ घालायची नाही. वर पडलेलं खापरही जागेची नोंद न करता उचलू नकोस. जागा हरवली की ते निव्वळ खापर. आणि लिहिणं लांबवू नकोस. नेवाशाचं १९५४ ते ५६ चं खोदकाम सांकलियांनी सहकाऱ्यांसह १९६० मध्ये ग्रंथरूपाने छापलंही होतं.

नकाशा आणि वही मला पाठव. डेक्कन कॉलेजच्या एम.ए. प्रवेशाची चौकशी मी करतो. दाजींशीही मीच बोलेन, तू मध्ये पडू नकोस.

तुझा
मामा