डोंगरावर ड्रोन नेण्यापूर्वी

ठाणे, डोंबिवली किंवा कल्याण स्थानकावर पहाटेची गाडी धरून मलंगगड, माहुली अथवा येऊरच्या दिशेने निघणाऱ्या तरुण मंडळींच्या पाठपिशवीत दोर आणि पाण्याची बाटली यांच्या जोडीला अलीकडे ड्रोनही असतो. आणि सह्याद्रीच्या कड्यांचे जे रूप पूर्वी केवळ घारींच्या दृष्टीस पडे, ते आपणही पाहावे ही उत्कंठा मला सर्वस्वी स्वाभाविक वाटते. तथापि आपल्या या परिसरात लष्करी ठाणी, अभयारण्ये, रासायनिक कारखाने आणि दाट लोकवस्ती ही एकमेकांना खेटून वसलेली आहेत. म्हणून ड्रोन उडवावा की नाही, याचा निर्णय माथ्यावर पोहोचल्यावर न घेता आदल्या रात्री घरी, नकाशा समोर ठेवून घ्यावा.

कायद्याची चौकट

केंद्र शासनाचे ड्रोन नियम २५ ऑगस्ट २०२१ रोजी अमलात आले. त्यांनुसार २५० ग्रॅमपर्यंतचा ड्रोन 'नॅनो' आणि त्याहून जड पण २ किलोपर्यंतचा 'मायक्रो' समजला जातो. हौशी भटक्यांजवळ बहुधा याच दोहोंपैकी एक असतो. नॅनोसाठी, तसेच मोबदला न घेता उडवलेल्या मायक्रोसाठी, चालकास प्रमाणपत्राची अट नाही. परंतु त्याच मायक्रोने एखाद्या लग्नसमारंभाचे चित्रण करून पैसे घेतले की ते प्रमाणपत्र अनिवार्य ठरते. ड्रोनची नोंदणी करून 'यूआयएन' हा ओळख-क्रमांक घ्यावा, आणि नॅनोहून मोठ्या ड्रोनसाठी त्रयस्थ व्यक्तीच्या नुकसानीचा विमाही उतरवावा. नियमभंगास एक लाख रुपयांपर्यंत दंडाची तरतूद आहे. ९ फेब्रुवारी २०२२ पासून तयार ड्रोनच्या आयातीस, संशोधन, संरक्षण व सुरक्षा यांचे अपवाद वगळता, मनाई आहे. सबब परदेशस्थ आप्तांकडून ड्रोन मागवण्याच्या भरीस कोणी पडू नये.

उड्डाणाच्या हद्दी 'डिजिटल स्काय' या सरकारी संकेतस्थळावरील नकाशात तीन रंगांनी दाखवल्या आहेत. हिरव्या क्षेत्रात १२० मीटर उंचीपर्यंत पूर्वपरवानगी लागत नाही. विमानतळाच्या कुंपणापासून ८ ते १२ किलोमीटरच्या पट्ट्यात मात्र ही मर्यादा ६० मीटर आहे. पिवळ्या क्षेत्रात हवाई वाहतूक नियंत्रणाची, तर तांबड्या क्षेत्रात थेट केंद्र शासनाची परवानगी लागते. राज्य शासन किंवा पोलीस यंत्रणाही आवश्यकता भासल्यास एखादा इलाखा ९६ तासांपर्यंत तात्पुरता तांबडा घोषित करू शकते. म्हणून मागच्या महिन्यात पाहिलेला नकाशा या रविवारी ग्राह्य धरू नये.

हिरव्या रंगाखालची जमीन

नकाशात हिरवा रंग दिसला म्हणजे सर्व हरकती मिटल्या, असा समज करून घेणे चुकीचे होय. येऊरचे जंगल संजय गांधी राष्ट्रीय उद्यानाचा भाग आहे, माहुलीचा डोंगर तानसा अभयारण्याच्या क्षेत्रात मोडतो, आणि ठाण्याच्या खाडीत ऑगस्ट २०१५ मध्ये रोहित पक्ष्यांसाठी अभयारण्य घोषित झाले, ज्यास २०२२ साली रामसर स्थळाचा दर्जाही लाभला. या तिन्ही ठिकाणी वनखात्याच्या लेखी परवानगीवाचून ड्रोन पिशवीबाहेर काढू नये. येऊर व कोलशेत येथे वायुसेनेची ठाणी आहेत, अंबरनाथला आयुधनिर्माणी आहे, आणि मलंगगडाच्या वाटेवर नेवाळीला दुसऱ्या महायुद्धातील धावपट्टीची जमीन संरक्षण खात्याच्या ताब्यात आहे; या जागांवरूनही ड्रोन नेऊ नये. अंबरनाथचे इसवी सन १०६० मधील शिवमंदिर पुरातत्त्व खात्याच्या संरक्षणाखाली असल्याने तेथे त्या खात्याचा वेगळा परवाना लागतो. शिवाय ठाणे पोलीस आयुक्तालय, ज्याच्या हद्दीत कल्याण-डोंबिवलीही येते, सुरक्षिततेच्या कारणास्तव वेळोवेळी मनाई आदेश काढते. असा आदेश जारी आहे काय, याची खातरजमा निघण्यापूर्वी स्थानिक पोलीस ठाण्यात करावी.

कड्यावरचे उड्डाण

१२० मीटरची मर्यादा ड्रोनच्या थेट खाली असलेल्या जमिनीपासून मोजायची असते, तर हातातील पडद्यावरचा आकडा बहुधा आपण जेथून उड्डाण केले त्या जागेपासूनची उंची दाखवतो. मलंगगडाच्या माचीवरून ३० मीटर चढवलेला ड्रोन कड्याच्या काठाबाहेर सरकला, की पडद्यावर ३० हाच आकडा कायम राहतो. परंतु खालची जमीन एकाएकी शेकडो मीटर खोल गेलेली असते आणि मर्यादेचा भंग आपल्या नकळत होऊन जातो. माचीच्या वर बालेकिल्ल्याचा सुळका उभा असल्यामुळे 'रिटर्न टू होम'ची, म्हणजे ड्रोन आपोआप परतण्याची, उंचीही त्याच्या माथ्याहून अधिक ठरवावी लागते; अन्यथा खडकाआड जाऊन संपर्क तुटलेला ड्रोन परतीच्या सरळ वाटेवर त्याच सुळक्यावर आदळतो. आणि तेवढी उंची देणे मर्यादेत बसत नसेल, तर ड्रोन सुळक्याआड मुळीच नेऊ नये, सदैव नजरेसमोर ठेवावा.

उड्डाणाची जागा लोखंडी कठडा, जुनी तोफ यांपासून दूर निवडावी, कारण लोखंडाच्या सान्निध्यात होकायंत्र बिघडते. दुपारी वारा वाढतो व कड्याच्या आडोशाच्या बाजूस त्याचे भोवरे उठतात. सबब सकाळचा प्रहर उत्तम. वाऱ्याबरोबर दूर गेलेल्या ड्रोनला वाऱ्याविरुद्ध परतावे लागते, म्हणून बॅटरी निम्म्यावर येताच त्यास माघारी वळवावे. उच्चदाब वाहिन्यांच्या बारीक तारा त्याच्या संवेदकांना बहुधा दिसत नाहीत. रेल्वेमार्ग, वीजमनोरे आणि डोंबिवलीच्या औद्योगिक वसाहतीतील कारखाने यांच्यावरून तो कदापि नेऊ नये.

खालची माणसे, वरचे जीव

कड्यांच्या कपारींना आग्या मोहोळे लटकलेली असतात, आणि ती डिवचली गेली तर त्याचे प्रायश्चित्त चढणाऱ्या निरपराध मंडळींना भोगावे लागते. यास्तव उडवण्यापूर्वी कडा दुर्बिणीने निरखून घ्यावा. घार झेपावल्यास तिच्याशी स्पर्धा न करता ड्रोन सावकाश उतरवावा. २०२४ च्या पावसाळ्यात मराठवाड्यात व पुणे जिल्ह्यात रात्री दिसणाऱ्या ड्रोनमुळे गावेच्या गावे भयभीत होऊन जागली होती, हे ध्यानी ठेवून पायथ्याच्या गावात पोलीस पाटलांना आधी कल्पना द्यावी, आणि पाड्यांवरील घरे, पाणवठे व यात्रेची गर्दी यांच्यावर कॅमेरा रोखू नये.

परवाना, हवा आणि माणसे या तिहींपैकी एकाविषयीही मनात किंतु असेल, तर त्या दिवशी ड्रोन घरीच ठेवावा आणि गड पायांनी व डोळ्यांनी पाहावा, अशी सर्व भटक्या मित्रांना माझी आग्रहाची विनंती आहे.